डाव्या हाताचा सौदा

दोन बोटं. माझी पहिली दोन बोटं कुणीतरी धरली, सोडली आणि लगेच एकच धरलं. मी खिचडीच्या वाटीकडं बघत होते. समोर राजेश्वरीबाई, आजारी म्हाताऱ्यांच्या या सेंटरची सगळी व्यवस्था बघणारी, पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून सांगत होती, "सव्वीस हजार महिन्याला, चाची. औषधं त्याच्यात नाहीत." माझा मुलगा राहील भिंतीला टेकून मोबाईलवर बोट फिरवत होता. आणि खिचडी सांडू नये म्हणून ह्यांच्या छातीपासून मांडीपर्यंत जो पांढरा नॅपकिन पसरला होता, त्याच्याखाली कुणीतरी माझी बोटं धरून मला सांगितलं, एकवीस. त्या फडक्याखाली दोनच हात होते. एक माझा. दुसरा माझ्या नवऱ्याचा, अंगावरून वारं गेल्यापासून ज्याच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता, ज्याला आम्ही सगळे कपाटासारखं इकडून तिकडं सरकवत होतो, आणि ज्याला कायमचा ठेवायला आज या खोलीत आणलं होतं. छातीत असा हिसका बसला, की म्हशीनं दावं तोडून पळावं. पण मी तोंडावर काही येऊ दिलं नाही. बाजारात पहिली शिकवण तोंडाची असते. रुमालाखाली हात काय वाटेल ते बोलो, तोंड आभाळाकडं. मी आभाळाकडं बघितलं. तिथं ट्यूबलाईट होती.

झटका असेल, मी स्वतःला म्हटलं. डॉक्टर म्हणालाच होता, हात आपोआप आवळतो, त्याला अर्थ नसतो. पण आपोआप आवळणारा हात आधी दोन धरून, सोडून, मग एक धरतो का? आधीची बोटं दहाची, सोडून धरलेली एकाची. हे झटक्याला कुणी शिकवलं? मग मी, इमामबी, दुसरीतून शाळा सुटलेली, खर्ड्याची लेक, घोडेगावची सून, मी हळूच त्यांची दोन बोटं धरली. सोडली. मग पूर्ण पंजा दाबला आणि परत एक बोट. सव्वीस म्हणतीय ती बाई, ऐकलं का? आणि फडक्याखाली त्यांचा अंगठा माझ्या तळहातावरून असा खरकन फिरला, की माझ्या कानशिलापर्यंत काटा आला. नको. घोडेगावच्या बाजारात कुणालाही विचारा. अंगठा घासला म्हणजे नको.

घोडेगावचा म्हशींचा बाजार शुक्रवारी. सौदा तिथं तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दलाल मधे, आणि खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून त्याच्याखाली बोटं बोलतात. भवताली शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. बाईनं मात्र परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? म्हणून माझा सगळा व्यापार एकाच हातात झाला. लग्न होऊन आले तेव्हा सासू मधल्या खोलीत अशी बसायची, की मुंगीला सुद्धा तिला सलाम करून पुढं जावं लागे. नवराबायकोनं दिवसा बोलायचं नाही. हे बाजारातून यायचे, मी पाण्याचा तांब्या द्यायची, आणि तांब्या घेता घेता खांद्यावरचा निळ्या चौकड्यांचा रुमाल माझ्या हातावर पडायचा. पहिल्यांदा बोटं धरली तेव्हा मला वाटलं चावटपणा करतायत. मी असा हात झटकला, की पाणी सासूच्या पानदानात. नंतर जिन्याखाली गाठून म्हणाले, "येडे, भाव सांगत हुतो. जाफराबादी किती गेली ते." मी म्हटलं, "मला कशाला सांगता, अम्मांना सांगा." तर म्हणाले, "अम्मांना नंतर. आधी तुला." त्या दिवसापासून सासूच्या आधी मला भाव कळायला लागला. आकडा कमी वाटला तर मी अंगठा घासायची. पुढच्या बाजारी हे वाढवून मागायचे. सगळा घोडेगाव म्हणायचा, पीरमहंमदला काय अक्कल हाय! असेल. अर्धी त्यांची असेल.

पण ते सगळं उजव्या हाताचं. हे कुणाला सांगायला नको इतकं उघड आहे आमच्यात. घास उजव्यानं, सलाम उजव्यानं, सौदा उजव्यानं. रुमालाखाली डावा हात घातला तर समोरचा शिवी खाल्ल्यासारखा उठून जाईल. डावा हात ज्या कामाचा त्याच कामाचा. आणि वारं गेलं ते नेमकं उजव्या अंगावरून. उजवा हात मेला, जीभ गेली. मी मात्र रोज उजव्या बाजूलाच बसायची, तो थंड हात मांडीवर घेऊन. व्यायाम घ्यायला पोरगा यायचा, तोही उजव्याचाच घ्यायचा. राहील दुकानातून आला की उजवा हात धरूनच विचारायचा, "अब्बा, ओळखलं का?" सगळं गाव त्या मेलेल्या हाताच्या दारात. आणि जिवंत हाताला काय दिलं आम्ही? पट्टी. दवाखान्यात त्यांनी नाकातली नळी ओढली म्हणून पलंगाला बांधला होता, तो नळी निघाल्यावरही कधी बांधायचा, कधी उशीखाली दाबायचा, ही सवयच पडली. कारण सोडला की तो फडकं पकडायचा. चादर ओढायचा. पडदा ओढायचा. माझी सून अफ्रीन औषध पाजायला वाकली की तिची ओढणी धरायचा आणि तिचा हात. बिचारी किंचाळायची. "अम्मी, अब्बा बघा ना कसं करतायत!" मी यायची, बोटं सोडवायची, म्हणायची, "चळलंय डोकं. घाबरू नको." वारं गेल्यापासून आम्ही राहीलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होतो, तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत गेलं, म्हाताऱ्याला भान राहिलं नाही. भान! अगं, रुमाल शोधत होता तो! ज्याच्या त्याच्या हातावर फडकं टाकून बोलायला बघत होता, आणि आमच्या घरात एकालाही ती भाषा येईना. एकीला येत होती. ती दुसऱ्या बाजूला बसली होती.

आज राजेश्वरीबाईनं मला या डाव्या बाजूला बसवलं ते सुद्धा उगाच. त्या बाजूचा पंखा वायरमन उतरवत होता. म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याला वाचा आली ती एका बिघडलेल्या पंख्यामुळं. मला उठून नाचावंसं वाटलं. या वयात, या गुडघ्यांवर. मी तोंड आवळून बसले आणि म्हटलं, "एकवीस."

"काय एकवीस, चाची?"

"एकवीस हजार. त्याच्या वर न्हाई."

राहीलनं मान वर केली. "अम्मी, हा काय म्हशींचा बाजार आहे का? इथं रेट फिक्स असतात."

"तू गप ऱ्हा. मोठी माणसं बोलतायत."

"कोण मोठी माणसं? तू एकटीच बोलतीस."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. राजेश्वरीबाई कोपरगावची, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, माणसं पारखलेली बाई. चिडली नाही. म्हणाली, "चाची, एकवीसमध्ये मला परवडत नाही. दिवसरात्र कूस बदलायला बाई लागते. पुसायला, भरवायला, चादरी बदलायला. उद्या पाठीला जखम झाली तर तुम्हीच माझी कॉलर धराल."

"धरीनच."

"मग? पंचवीस. तुमच्याकडं बघून."

फडक्याखाली अंगठा. मग दोन बोटं, परत दोन. "बावीस," मी म्हटलं.

"चोवीस."

अंगठा. काय सांगू, काय वाटत होतं! चाळीस वर्षं मागं गेल्यासारखं, तांब्या हातात, सासू मधल्या खोलीत, आणि सगळ्यांच्या देखत कुणालाही न कळता चाललेला आमचा संसार. त्यांचं तोंड तसंच, एका बाजूला ओघळलेलं, डोळे ट्यूबलाईटवर. आम्हाला वाटायचं नजर हरवलीय. कशाची हरवलीय! ते आभाळाकडं बघत होते. चांगला व्यापारी बघतो तसं.

राजेश्वरीबाईनं हात जोडले. "तेवीस, आणि याच्या खाली एक रुपया नाही चाची. खाली गेले तर मला छबूबाईचा पगार कापावा लागेल. हीच भरवते चाचांना. विचारा तिला."

खिचडीची वाटी घेऊन उभी असलेली छबूबाई, काष्ट्याचं लुगडं, दंडावर गोंदण, एकदम घाबरली. "माजा पगार नगा कापू मावशे. म्या समदं करीन तात्यांचं. दाढी बी करीन."

आणि फडक्याखाली माझी चारही बोटं त्यांनी मिटवली आणि वरून मूठ आवळली. पटलं. ते नेहमी म्हणायचे, भाव चढवताना माणूस बापाची शपथ घेतो, पण विकणाऱ्यानं दुसऱ्या कुणाच्या पोटाचं नाव काढलं की समज, तळ लागला. तिथं थांबायचं. त्याच्या खाली ओढलेली म्हैस दूध देत नाही. मी म्हटलं, "तेवीस. पटलं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?" राहील.

"तुजे अब्बा."

मग मला सांगावंच लागलं. सांगताना माझी जीभ अशी धावत होती, की एक वाक्य मराठीत, एक आमच्या दखनीत, आणि मधे मधे मीच हसतेय. वायरमनही पंखा धरून ऐकत उभा. राहील माझ्याकडं बघत राहिला, डॉक्टरांकडं आधी कुणाला दाखवावं, मला की त्यांना, असा. मग हळू आवाजात, पोराला समजवावं तसं म्हणाला, "अम्मी, नसेचं असतं ते. हात आवळतो. तुला वाटतंय तसं. वाटणारच."

"मला वाटतंय? बरं." माझा पारा चढला. मी नॅपकिन नीट केला, तळहात फडक्याखाली उघडा ठेवला, बोट सुद्धा हलवलं नाही, आणि मोठ्यानं म्हटलं, "अजी, इथला खर्च भागवायला आपली दावण विकायचं चाललंय. रामहरीशेठला. कांद्याचं गोडाऊन करनार हाय तो. सोमवारी इसार घ्यायचा. विकू का?"

दावण म्हणजे बाजारतळाला लागून आमची जागा. पत्र्याची शेड, खुंट्यांच्या रांगा, पाण्याचा हौद. गुरुवारी लांबून आलेले व्यापारी तिथं म्हशी बांधतात, रात्रीचं भाडं देतात. ती माझ्या नावावर, पण खुंटा न् खुंटा त्यांनी ठोकलेला. विकायची हे मीच कबूल केलं होतं. राहीलनं ठरवलं, मी मान डोलावली, अफ्रीननं चहा केला. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कुणी उरलंय असं कुणाला वाटत नव्हतं. आणि आता अंगठा असा ओढला गेला माझ्या तळव्यावरून, नख रुतवून, की मी "आई गं" म्हणाले. हात बाहेर काढून राहीलच्या नाकापुढं धरला. तळव्यावर आडवी लाल रेघ. "बघ. वाच. तू बारावी झालायस ना?"

छबूबाई म्हणाली, "आगं बया, नखं काढायची ऱ्हायली का काय." राहील त्या रेघेकडं बघत राहिला. मग खाली वाकला, मोबाईल खिशात घातला, आणि कधी नव्हे ते डाव्या बाजूनं येऊन नॅपकिनखाली हात घातला. त्याला बोटांची भाषा येत नाही. शिकवलीच नाही त्यांनी. मोबाईलच्या दुकानाला ती काय कामाची. मी बघत होते, फडकं थोडं हललं, वर झालं, मग स्थिर झालं. बराच वेळ. राहील म्हणाला, "अम्मी, काय म्हणतायत? बोटं नाही धरली. सगळा हातच धरलाय."

"काही म्हणत न्हाईत," मी म्हटलं. "तुज्याशी सौदा न्हाई करत ते."

तो तोंड फिरवून वायरमनला म्हणाला, "किती वेळ लावतोस रे त्या पंख्याला?"

मग पैशाचं निघालंच. दावण विकायची नाही तर तेवीस कुठून आणायचे? राहील दुकानाचं भाडं, घराचा हप्ता असं मोजायला लागला आणि मी त्याला मधेच तोडलं. माझ्या तोंडून जे निघालं ते निघायच्या आधी मलाही ठाऊक नव्हतं. "अर्धे तू दे. अर्धे माजी दावण देईल. मी घोडेगावला चालले."

"एकटी?"

"एकटी कशी? गुरुवारच्या पारी शेड भरून म्हशी असत्यात."

बोलले आणि नाकात एकदम ओल्या पेंडीचा वास आला. शेण, गवत, हौदातलं गार पाणी, व्यापाऱ्यांच्या बिड्या. वारं गेल्यापासून शेड एका गड्याच्या हवाली होती, आणि तो निम्मं भाडं सांगत होता हे मला न बघता कळत होतं. त्याची आता अशी झडती घेणार होते! इतके दिवस मी तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीतली कोथिंबीर बघत बसले होते. मला कळेना मी इतकी खूश का आहे. नवऱ्याला परक्या घरात ठेवून चाललेय आणि अंगात उकळी फुटल्यासारखं होतंय, असं कुठं असतं का? लोक काय म्हणतील ते म्हणोत. लोकांना रुमालाखालचं दिसत नाही.

राहील राजेश्वरीबाईबरोबर ऑफिसात गेला. छबूबाई वाटी धुवायला. वायरमनही पंखा काखेत मारून गेला. आता खोलीत आम्ही दोघं, आणि पलीकडच्या पलंगावर झोपलेले एक म्हातारे मास्तर, त्यांना ऐकू येत नाही म्हणे. आणि आता, सगळं धडाधड झाल्यावर, मला भीती वाटायला लागली. एक प्रश्न राहिला होता. मी त्याच्या भवताली फिरत होते, सव्वीस आणि एकवीस आणि दावण असं सगळं विचारून झालं, पण तो एक तेवढा टाळत होते. घरी यायचंय का? हे विचारायचं राहिलं होतं. कारण ते हो म्हणाले तर? माणूस बोलत नव्हता तोवर सोपं होतं. जो बोलत नाही त्याला कुठंही ठेवता येतं. आता तो बोलत होता. मूठ आवळून म्हणाला, चल घरी, तर मी काय करणार होते? राहीलच्या घराला लिफ्ट नाही. घोडेगावात माझ्याशिवाय माणूस नाही. आणि मी... मी सगळ्यांना सांगितलं होतं, मला होत नाही म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणतात म्हणून सेंटर. इमामबीला होत नाही असं आजवर काही झालंच नव्हतं. दोन पाड्या एका हातानं धरून पाणी पाजणारी बाई मी.

पण विचारायचं नाही, असं करून उठले असते तर जन्मभर उजव्या बाजूलाच बसल्यासारखं झालं असतं. मी नॅपकिन ओढला, हात खाली घातला. बिस्मिल्ला म्हटलं. "अजी. घरी यायचं का? खरं सांगा. भावात घासाघीस न्हाई. एकच बोल."

हात हलला नाही. किती तरी वेळ. बाहेर मनमाड रोडवर ट्रकचे हॉर्न. मला वाटलं संपलं, मघाचं सगळं मीच रचलं. मग त्यांची बोटं निघाली. माझ्या बोटांवर थांबली नाहीत. तळहातावर थांबली नाहीत. वर सरकली, मनगटावर आली, बांगड्या बाजूला सारल्या, आणि तिथं, सांध्यापाशी, हळूहळू फिरायला लागली. ती बोटं मला ओळखीची होती. म्हैस घेण्याआधी ते असेच डोळे मिटून तिच्या पायावरून हात फिरवायचे. विकणारा वरून तेल लावून, शिंगं रंगवून आणतो. दोष कातड्याच्या खाली असतो. जुनी सूज, जिरलेलं हाड, गाठ, सगळं त्यांना बोटांनी दिसायचं. माझं मनगट मोडलं होतं. न्हाणीत त्यांना उचलताना दोघं घसरलो, मी खाली आले. प्लास्टर घातलं, पण भाकरी थापता येईना म्हणून मीच कात्रीनं कापून काढलं. हाड वाकडं बसलं. बांगड्यांत झाकून गेलं होतं. वाकडं बसलंय हे राहीलला माहीत नाही, अफ्रीनला नाही. त्या हातानं बादली उचलत नाही, हे तर मी मला स्वतःला सुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि हे, निम्मं अंग मेलेले, डाव्या हातानं, आयुष्यात ज्या हातानं कधी जनावर पारखलं नाही त्या हातानं, ते वाकडं हाड चाचपत होते. एकदा खाली. एकदा वर. वाकलेल्या जागेवर अंगठा टेकवून थांबले. थोडं दाबलं. मी ओठ चावला, पण हात थरथरला, आणि थरथरलेला हात लपत नाही.

मग ते परत तळहातावर आले, आणि अंगठा घासला. हळू. मघासारखा नख लावून नाही.

नको.

मला आधी राग आला. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी नंतर, आधी राग. "म्हंजे मी खोडीची काय?" मी मोठ्यानं म्हटलं. "ह्या म्हशीकडून ओझं उचलायचं न्हाई, आसं व्हय? चांगली पारख केली! इतक्या वर्सांनी!" पलीकडचे मास्तर जागे झाले आणि माझ्याकडं बघून उगाचच हात जोडले. आणि ह्यांच्या तोंडाची जी एक बाजू अजून चालते, ती हलली. हसले म्हणा, काय म्हणा. लाळ आली. मी पदरानं पुसली, त्यांनी माझा पदर धरला नाही. आता गरज नव्हती, वर नॅपकिन होता. मीही मग हसायला लागले, आणि हसता हसता रडले, आणि नाक पुसून परत हात आत घातला. कारण आमचं अजून संपलं नव्हतं. एवढा मोठा सौदा झाला आणि वरचा भाव ठरलाच नाही, असं बाजारात होत नाही.

"फेऱ्यांचं बोला," मी म्हटलं. "घोडेगावहून एसटीनं यायचं. बायांना अर्धं तिकीट हाय आता, म्हणून लई उड्या मारू नका." मी एक बोट दिलं. आठवड्याला एक फेरी. शनिवारी, बाजार आवरला की.

त्यांनी पंजा धरला. पाच.

"या अल्ला! पाच! मग दावण कोन बगनार, तुमची अम्मा?" मी दोन दिली.

अंगठा. आणि हात काढून घेतला! नॅपकिनखालून सरळ बाहेर, छातीवर ठेवला, आणि तोंड ट्यूबलाईटकडं. दुसरं गिऱ्हाईक आलंय जणू. घोडेगावच्या बाजारात असंच करायचे. हात काढायचा, चार पावलं जायचं, वळून बघायचं नाही. आणि समोरच्यानं रुमाल हलवला की हळूच परत. मी फडक्याचं टोक हलवलं. एकदा. दोनदा. माझं काळीज नव्या नवरीसारखं उडत होतं. तो हात, पट्टीच्या खुणा अजून मनगटावर असलेला, छातीवरून घसरत घसरत आला, फडक्याखाली शिरला आणि माझी चार बोटं धरली.

"तीन," मी म्हटलं. धरून दाखवली तीन. "त्याच्या वर एक न्हाई. गुरुवार-शुक्रवार मी जनावरांची."

त्यांनी माझी तीन बोटं हातात घेतली. अंगठा फिरेल म्हणून मी वाट बघितली. फिरला नाही. मूठ मिटेल म्हणून वाट बघितली. मिटली नाही. नुसती धरून राहिले. राजेश्वरीबाई दारात येऊन म्हणाली, "चाची, भेटायची वेळ संपली. उद्यापासून त्यांचं रुटीन सुरू." राहील तिच्या मागं पिशवी घेऊन उभा. मी म्हटलं, "थांब जरा. सौदा मोकळा होऊ दे." पण मला कळलं होतं. नको म्हणायचं नाही आणि पटलंही म्हणायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, याचा बाजारात एकच अर्थ. जा, चहा पी, एक चक्कर मारून परत ये. मग बघू.

मी उठले. गुडघे वाजले. राहीलनं धरायला हात पुढं केला, तो उजवीकडून, मी त्याला डावीकडं ये म्हटलं. जिना उतरताना तो विचारत होता, "मग किती फेऱ्या ठरल्या?" मी म्हटलं, "ठरायचंय अजून. उद्या परत बसायचं." "उद्या घोडेगावला चाललीस ना?" "सकाळी जाईन. पेटीतून त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल काढायचाय. दुपारी परत." तो म्हणाला, "नॅपकिन आहेत की इथं, अम्मी." काय सांगायचं त्याला. रिक्षात बसल्यावर पदराखाली माझा एक हात दुसऱ्या हाताची बोटं धरत होता, सोडत होता. दोन म्हणू की तीनवरच राहू? त्यांना आधी चारवरून खाली आणायचं. आणि तो पांढरा नॅपकिन. तसल्या फडक्याखाली कधी चांगला भाव निघत नाही.